फेरसाक्ष

हेमलताबाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. सेविकेने त्यांच्या मनगटावरचा काळा दोरा अलगद वर सरकवला आणि त्याखाली पट्टी चिकटवली. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी. आधी गार लागली, मग अंगाच्या उबेत अशी मिसळली की आहे की नाही तेही कळेना.

"टोचत नाही ना मॅडम?"

"नाही हो. छान आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

गंगापूर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेलं 'निखारा' हे नाशिकमधलं सगळ्यात महागडं स्टेकहाउस होतं. आईच्या चौसष्टाव्या वाढदिवसासाठी शर्वरीने रविवारी दुपारचं टेबल महिनाभर आधी राखून ठेवलं होतं. टेबल आईच्या नावावर, म्हणून पट्टीही आईच्या हाताला. एका टेबलाला एकच पट्टी, असा नियम आता सगळ्याच मोठ्या हॉटेलांत झाला होता.

पूर्वी लोक मोबाइलवरून हॉटेलांना तारे देत. पुढे तारे विकत मिळायला लागले आणि त्यांच्यावरचा विश्वास उडाला. मग 'देहसाक्ष' आली. मनगटातल्या नाडीत आणि कातडीच्या ओलाव्यात प्रत्येक घासाचे बारीक ठसे उमटतात, ते ही पट्टी वाचते. पदार्थात काय आहे हे तिला कळत नाही. शरीर घास आपणहून आत घेतंय की नाइलाजाने ढकलतंय, एवढं मात्र नेमकं कळतं. जेवण संपलं की शंभरपैकी एक आकडा निघतो, त्याला कौल म्हणतात. तो हॉटेलच्या नावावर चढतो आणि वाढणाऱ्या माणसाच्या साक्षपत्रिकेवरही. जेवणाऱ्याला काही लिहावं लागत नाही, बोलावं लागत नाही.

हेमलताबाईंना ही सोय मनापासून आवडली होती. कारण त्यांचं एक व्रत होतं.

एकतीस वर्षांपूर्वी नणंदेच्या घरी, आठ माणसांच्या पंगतीत, त्या सहज म्हणाल्या होत्या की आमटी लागलीय वाटतं. वनिताताई दोन दिवस तापाने फणफणलेल्या होत्या आणि तशाच चुलीपाशी उभ्या राहिल्या होत्या. त्या वाढता वाढता थांबल्या, पळी ठेवून आत गेल्या, आणि पंगत उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्या रात्री हेमलताबाईंना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी देवापुढे पाणी सोडून त्यांनी नेम घेतला, की यापुढे कुणी रांधलेल्या, कुणी वाढलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. खारट असो, करपलेलं असो, पानात येईल ते निमूट संपवायचं आणि छान झालंय म्हणायचं. सकाळची पोथी, संध्याकाळचा दिवा, गुरुवारी सामिष वर्ज्य, या सगळ्यांबरोबर हेही व्रत आजवर अखंड चाललं होतं.

इथल्या मांसाबद्दल त्यांनी आधी शर्वरीला खोदून खोदून विचारलं होतं. ते पेशीमांस होतं. जिवंत बोकडाच्या मांडीतून टाचणीच्या टोकावर मावतील एवढ्या पेशी घ्यायच्या आणि पोलादी टाकीत वाढवायच्या. बोकड तिकडे चरत राहतो. टाकीतून निघणारा तुकडा मात्र असा जाडजूड, की तेवढा कुठल्याच बोकडाच्या अंगावर नसतो. जीव जात नाही म्हटल्यावर त्यांनी होकार दिला होता, फक्त गुरुवार नको म्हणून बजावलं होतं.

पाणी यायलाच वीस मिनिटं लागली.

"धरणातून भरून आणायला गेली असेल ती," शर्वरी म्हणाली.

सेविकेच्या छातीवर रोहिणी बोरस्ते असं नाव होतं. चाळिशीची, उंच, घाईघाईने चालणारी बाई. तिच्याकडे खिडकीपासून दारापर्यंतची चार टेबलं दिसत होती. सूप आलं ते शेजारच्या टेबलाचं. ते परत गेलं, पण यांचं आलंच नाही. पाऊण तासाने स्टेक आला तो कडेने पांढरा पडलेला. सुरी चालेना. हेमलताबाईंनी हात जोडले, तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागल्या. चावून चावून जबडा दुखला तरी घास तसाच. मीठ तर नावालाही नव्हतं.

शर्वरीने आपली भाजलेली मासळी बाजूला सारली आणि आईच्या पानातला कोपरा चाखून पाहिला. "आई, हे रबर आहे. मी बोलावते तिला."

"असू दे. बिचारी किती धावतेय बघ."

"तू अशी गप्प बसतेस म्हणून लोक तुला काहीही खायला घालतात."

तेवढ्यात रोहिणी स्वतःच आली. तिने विचारलं, सगळं ठीक आहे ना? हेमलताबाई म्हणाल्या, छान आहे. ती गेली, पण दोन पावलांवरून परत वळली आणि पुन्हा विचारलं, नक्की ना मॅडम? त्यांनी हसून मान डोलावली. टेबलाखाली त्यांचा हात शर्वरीच्या गुडघ्यावर होता, ती बोलू नये म्हणून दाबून धरलेला. मग त्यांनी आख्खा तुकडा संपवला. शेवटचे चार घास पाण्याबरोबर गिळले. घरी परतताना त्यांना बरंच वाटत होतं. नेम सांभाळला गेला होता.

सोमवारी सकाळी पोथी मिटताना मोबाइलवर निरोप आला. देहसाक्षीबद्दल आभार. आपला कौल शंभरपैकी अकरा. या कौलामुळे सेविका रोहिणी बोरस्ते यांची साक्षपत्रिका किमान मर्यादेखाली गेल्याने त्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे. आपला आवाज आमच्यापर्यंत पोहोचला.

हेमलताबाईंनी तो निरोप तीनदा वाचला. आवाज? त्यांनी तर आवाज काढलाच नव्हता.

त्यांनी शर्वरीला फोन केला. ती म्हणाली, वाईट झालं, पण सेवा खरंच वाईट होती, आणि तू काही खोटं सांगितलं नाहीस. हेमलताबाईंनी फोन ठेवला. खोटं त्यांनी सांगितलं होतं. त्या बाईच्या तोंडावर, हसून, दोन वेळा. खरं काय ते तिच्या पाठीमागे, त्यांच्याच हाताने भलतीकडे कळवलं होतं.

त्या दिवशी त्यांना देवापुढे बसवेना. समईची वात पुढे सारताना वनिताताईंच्या हातातली पळी दिसायची. कुणाही रांधणाऱ्या-वाढणाऱ्याच्या डोळ्यांत आपल्यामुळे पाणी येऊ नये, म्हणून तर नेम घेतला होता.

दुपारी त्यांनी 'निखारा'ला फोन लावला आणि आपली तक्रार नाही असं सांगितलं. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, पण ऐकेना. तोंडी सांगणं धरत नाहीत, म्हणाला. लोक दयेपोटी बोलतात, भिडेपोटी बोलतात. एकच वाट होती, फेरसाक्ष. सात दिवसांच्या आत त्याच माणसाने तोच पदार्थ त्याच सेविकेच्या हातून खायचा. कौल पन्नासच्या वर गेला तर आधीचा पुसला जाणार आणि बाई कामावर परत. खाली आला तर तीन वर्षं शहरातलं एकही मोठं हॉटेल तिला दारात उभं करणार नाही, कारण साक्षपत्रिका माणसाबरोबर फिरते.

त्यांनी बुधवारची दुपार ठरवली. सकाळी काही खाल्लं नाही. भूक कडकडून लागली तर घास आपोआप गोड लागेल असं वाटलं. रिक्षात बसल्यापासून मनात नामस्मरण चालू ठेवलं.

रोहिणी आधीच आली होती. घरच्या पंजाबी ड्रेसवर हॉटेलचा एप्रन बांधलेला. तिने पट्टी लावली, पण या वेळी काळा दोरा सरकवताना टोचतंय का असं विचारलं नाही. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. व्यवस्थापक तिशीतला तरुण होता. त्याने टेबलावर हाताएवढा पडदा उभा केला. फेरसाक्षीत आकडा दोघींनाही दिसायला हवा, म्हणाला. परिस्थितीही पहिल्यासारखीच हवी, म्हणून आजही रोहिणीताईंकडे चार टेबलं दिली आहेत.

"चार का?" हेमलताबाईंनी विचारलं. "एका बाईला झेपतात का?"

"पूर्वी दोन असायची. कौल कमी आले, माणसं कमी झाली." तो थोडा ओशाळला. "माणसं कमी झाली की कौल आणखी कमी येतात, हे आम्हालाही दिसतंय, काकू. पण माणूस ठेवायचा की काढायचा, ते आकड्यावर ठरतं."

पेशीमांसाची चरबी यंत्राने विणलेली असते, हेही त्यानेच सांगितलं. विस्तवावरून उतरल्यापासून सहा मिनिटांत तोंडात गेलं तर लोणी. त्यानंतर ती गोठत जाते आणि तुकडा आतून आवळतो.

हेमलताबाई स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत बसल्या. त्यांचं ताट खिडकीत आलेलं दिसलं. रोहिणी तिसऱ्या टेबलावरच्या माणसांची फर्माईश ऐकत होती. ती निघाली, तेवढ्यात दाराजवळच्या टेबलाने बोट वर केलं. ताट आलं तेव्हा तुकडा कडेने पांढरा पडला होता.

पहिला घास. पडद्यावर त्रेचाळीस आले. दुसरा, एकतीस. हेमलताबाईंनी डोळे मिटले आणि नाम घेत घेत चावू लागल्या. नाडी शांत झालेली त्यांनाही जाणवली, पण घशाने दार लावून घेतलं होतं. बावीस. एकतीस वर्षं त्या या घशाला गोड मानून घ्यायला शिकवत होत्या, आणि तो तर काहीच शिकला नव्हता. इतकी वर्षं त्याने काय काय मुकाट्याने ढकललं असेल, या विचाराने त्यांना घाम फुटला. पट्टीने तोही वाचला. सतरा.

रोहिणी येऊन उभी राहिली. तिने आकडा पाहिला होता. तरीही रोजचं वाक्य तिला म्हणावंच लागत होतं.

"सगळं ठीक आहे ना मॅडम?"

'छान' हा शब्द हेमलताबाईंच्या ओठापर्यंत आला आणि तिथेच थांबला. समोरच्या बाईचे हात एप्रनच्या टोकाला पीळ घालत होते. हेमलताबाईंनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली. कशासाठी मागितली, ते त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ठीक नाही. गार झालाय. मला चावत नाही. आणि मीठ अजिबात नाही याला."

शेजारच्या टेबलावरचे काटे-चमचे थांबले. दारापाशी उभा असलेला व्यवस्थापक वळून बघू लागला. हेमलताबाईंचे कान तापले होते. रोहिणीच्या चेहऱ्यावरचा ताण किंचित सुटला.

"बदलून आणू?"

हेमलताबाईंनी व्यवस्थापकाकडे पाहिलं. चालतं का? त्याने थोडा विचार केला. बदलून मागायला बंदी अशी कुठे लिहिलेली नाही, म्हणाला, फक्त कुणी मागत नाही. मागितलं तर मोजणी नव्या ताटापासून.

"आणा मग. ताट तापवून आणा."

या वेळी रोहिणी बाकीच्या तीन टेबलांकडे न बघता थेट भट्टीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. तुकडा उतरला तसा तिने स्वतः मीठ भुरभुरवलं आणि ताट फडक्यात धरून अक्षरशः धावत आणलं. सुरी नुसती टेकवली तरी आत गेली. कडेला जाळाचा वास, आत ऊब, आणि मीठ जिथे हवं तिथे. हेमलताबाईंनी तिसरा घास घेतला तेव्हा त्यांना आकड्याची आठवणही नव्हती. ताट संपल्यावर व्यवस्थापक जवळ येऊन म्हणाला, चौऱ्याहत्तर. फेरसाक्ष मान्य. रोहिणीताई, उद्यापासून या.

रोहिणीने मान हलवली आणि पट्टी काढायला खाली वाकली.

हेमलताबाईंना वाटलं होतं की आता छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. त्यांनी हलक्या आवाजात तिला नेमाबद्दल सांगितलं. वनिताताईंची आमटी, ती पंगत, एकतीस वर्षं. कुणाला दुखवायचं नव्हतं, एवढंच, असं म्हणाल्या. रोहिणी पट्टीची एक कड नखाने सोडवत ऐकत होती.

"ही पट्टी यायच्या आधी मी एका साध्या खानावळीत होते, काकू," ती म्हणाली. "लोक शिव्या द्यायचे. ताट आपटायचे. पण मीठ कमी पडलंय हे मला तिथल्या तिथे कळायचं. आता सगळे हसून छान म्हणतात, आणि सकाळी उठल्यावर कळतं की काम गेलं. दोन दिवस मी घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचे आणि बसस्टँडवर बसायचे."

पट्टी सुटून तिच्या बोटावर आली होती. तिने काळा दोरा पुन्हा खाली, जागेवर ओढला. आवाजात राग नव्हता.

"रविवारी मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. माझ्यापाशी एक शब्द काढायचा नाही आणि या पट्टीपाशी सगळं सांगायचं, हे कसलं व्रत, काकू?"