उलटं धरलेलं पुस्तक

बालवर्गाच्या खोलीत एकोणीस मुलं होती, एकोणीस बस्करं, एक फळा, दोन खिडक्या (त्यातली एक उघडत नसे) आणि काचेच्या दाराचं एक लोखंडी कपाट. कपाटात चौऱ्याऐंशी पुस्तकं होती. मोजपट्टीने ती काचेबाहेरून दोनदा मोजली, कारण पहिल्या खेपेला त्र्याऐंशीच भरली होती.

तिला मोजपट्टी म्हणत ते याचसाठी. जिन्याच्या पायऱ्या, डब्यातले घास, सरांच्या शिंका, ती काहीही मोजे. तिच्या शाळेला सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते, बालवर्ग मात्र चालू होता. बालवर्गाच्या मदतनीस मावशी आजारी पडल्या, म्हणून बाईंनी तिला मुलं सांभाळायला बोलावलं. येताना तिने आपल्या वर्गातल्या दोघांना ओढून आणलं. एक नकल्या, जो कुणाचाही आवाज काढे. दुसरी खारूताई, जिच्या दप्तरात कायम काहीतरी खायला असे. मोजपट्टीचा धाकटा भाऊ टिल्लू त्या एकोणीस मुलांतलाच एक.

बाई पाणी भरायला नळावर गेल्या होत्या. कपाटाच्या मुठीला दोऱ्याने एक वही बांधलेली होती. वर लिहिलं होतं, ‘घरी वाचायला दिलेली पुस्तकं’. दर शनिवारी प्रत्येकाला एक. टिल्लूच्या नावापुढे एकतीस खुणा होत्या.

“आमच्या घरी यातलं एकही आलेलं नाही,” मोजपट्टी म्हणाली.

“पलंगाखाली बघितलंस?” नकल्याने विचारलं.

“आमच्याकडे पलंग नाही.”

“मग खालचं बघायचा प्रश्नच मिटला.”

“गप रे. मला खात्री करून घ्यायचीय. तुझं गोष्टींचं पुस्तक दे.”

तिने ठरवलेली रीत साधी होती. प्रत्येक मुलाच्या हातात तेच पुस्तक उलटं द्यायचं आणि काही बोलायचं नाही. ज्याने घरी पुस्तकं पाहिली असतील, तो ते आपसूक सरळ करील. “आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही,” तिने बजावलं. “नकल्या, तू तर भिंतीकडे तोंड करून बस.”

चार मुलांनी पुस्तक सरळ केलं. अकरा जणांनी ते होतं तसंच उघडलं. तिघांनी मागचं पान वर करून पाहिलं आणि एकीने कोपरा चाटला. टिल्लू त्या अकरांपैकी होता. उलट्या पानावर बोट फिरवत तो गंभीरपणे वाचू लागला, “बस आली. बस गेली. बस परत आली.”

“गोष्ट बरी आहे,” खारूताई म्हणाली, “पण शेवट जरा ओढलाय.”

मोजपट्टी हसली नाही. सोळा दिवसांनी टिल्लू मोठ्या शाळेत जाणार होता. तिथे पहिल्या दिवशी तीस अक्षरांची कार्डं दाखवत. वीस ओळखली की पहिलीचा वर्ग. त्याहून कमी ओळखली की तयारी वर्ग, म्हणजे पाण्याच्या टाकीमागची पत्र्याची खोली. तिचा मावसभाऊ तिथे दोन वर्षं बसला होता. तिसऱ्या वर्षी तो शाळेतच गेला नाही.

बाई हंडा घेऊन आल्या, तेव्हा तिघं वही घेऊन उभी होती.

“बाई, या खुणा कुणी केल्या?”

बाईंनी हंडा खाली ठेवला. पदराने हात पुसायला त्यांना बराच वेळ लागला. “मीच,” त्या म्हणाल्या.

“पण पुस्तकं तर दिलीच नाहीत.”

“तीन वर्षांपूर्वी देत होते. चाळीस होती तेव्हा. नऊ फाटली, एक कुणाच्या तरी बाळाने चघळलं. पर्यवेक्षिका मॅडमच्या फॉर्मात रकाना एकच, खराब पुस्तकं किती. लाल शाईत लिहिलेलं माझ्या वर्गाचं नाव भर बैठकीत वाचलं गं त्यांनी. पुढच्या वर्षी नवी पुस्तकं आली आणि मी कुलूप लावलं. खराब पुस्तकं शून्य. तर प्रशस्तिपत्र मिळालं.” ते फळ्याच्या वरच टांगलेलं होतं.

“पण मुलांचं काय?” मोजपट्टीचा आवाज चढला. “टिल्लूला पुस्तक धरता येत नाही, बाई. तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे, खरंय,” बाई हळूच म्हणाल्या. “एक विचारू? तुझ्या घरी त्याच्या हाताला लागतील अशी पुस्तकं किती आहेत?”

मोजपट्टीने घरातली पुस्तकं आठवून पाहिली.

घरी तिची स्वतःची चार चित्रांची पुस्तकं होती. टिल्लू दोन वर्षांचा असताना त्याने एकातला हत्ती फाडला होता. त्या दिवसापासून चारही पुस्तकं वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे होती. सुरुवातीला तो रोज येऊन म्हणायचा, “ताई, वाच ना.” ती म्हणायची, “हात लावू नकोस, फाडशील.” मग त्याने विचारणं सोडलं. त्याला किती दिवस झाले ते ती मनात मोजू लागली, आणि वर्षावर गेल्यावर तिला पुढे मोजवेना.

“एकही नाही,” ती म्हणाली.

बाईंनी कमरेचा जुडगा काढला. किल्ली कुरकुरत फिरली. पुस्तकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती आणि उघडताना कडकड वाजत होती.

दुसऱ्या दिवसापासून चौघांनी मुलं वाटून घेतली. शब्दाखाली बोट ठेवायचं, सावकाश वाचायचं, मग त्यांना विचारायचं, पुढे काय होईल? नकल्या वाघ वाचू लागला की दोन मुलं रडत आणि बाकीची पुन्हा वाच म्हणून ओरडत. खारूताईच्या गटात पानांवर तेलाचे डाग पडले. संध्याकाळी घरी पुस्तक जाऊ लागलं. मोजपट्टीची आई कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर धागे कापायची. तिला वाचता येत नव्हतं. केसांत दोऱ्याचे तुकडे तसेच असताना ती टिल्लूला मांडीवर घेऊन चित्रं बघे आणि म्हणे, “हे काय रे लिहिलंय?” तो फुशारकीने सांगे. कधी बरोबर, कधी थापा.

पण काही अक्षरं आज येत आणि उद्या जात. ‘घ’ आणि ‘ध’ तर त्याला रोज नवेच वाटत. “अजून महिनाभर मिळता तर,” मोजपट्टी एकदा पुटपुटली. बाईंनी ऐकलं.

तेराव्या दिवशी पर्यवेक्षिका मॅडम आल्या. त्यांनी पुस्तकं चाळली आणि पेन उघडलं. “सात खराब. बाई, गेली दोन वर्षं शून्य होती. काय चाललंय हे?”

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात खारूताई पुढे झाली. “मॅडम, हे बघा ना,” म्हणत तिने एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मॅडमनी ते फिरवून धरलं आणि विचारलं, “याचं काय?”

“तुम्ही आत्ता काय केलंत?” नकल्याने विचारलं.

“काय केलं? उलटं होतं, सरळ केलं.”

“कुणी शिकवलं तुम्हाला?”

मॅडम गोंधळल्या. मोजपट्टीने आपला कागद पुढे केला. त्यावर दोन तारखा होत्या. पहिलीपुढे लिहिलं होतं, एकोणिसातल्या चौघांनी पुस्तक सरळ केलं. दुसरी कालची होती. तिच्यापुढे होतं, सतरा जणांनी. मॅडमनी विश्वास बसेना म्हणून कोपरा चाटणाऱ्या मुलीच्या हातात पुस्तक उलटं दिलं. तिने ते सरळ केलं, पहिलं पान उघडलं आणि ‘मां-ज-र’ असं बोट ठेवून वाचलं.

“याच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मागची बाजू कोरी आहे, मॅडम,” नकल्या म्हणाला, अगदी त्यांच्याच आवाजात.

बाईंनी डोळे वटारले. मॅडमना मात्र हसू आवरेना. त्यांनी फॉर्म उलटा केला आणि दोन्ही आकडे उतरवून घेतले. मग लाल पेन मिटून पर्समध्ये टाकलं. “हे मी तीन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं,” त्या बाईंना म्हणाल्या. “आणि तुम्ही तिघं, शाबास. पुढच्या बैठकीत हा कागद मी स्वतः वाचून दाखवीन.”

त्या दिवशी बाईंनी प्रशस्तिपत्र खाली उतरवलं. तिथे भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

मोठ्या शाळेच्या पहिल्या दिवशी आई कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली. बाईही आल्या होत्या. ओसरीवर टेबल होतं आणि टेबलावर कार्डं पालथी मांडलेली. पालकांना दोरीपलीकडे थांबायचं होतं. शिक्षक एकेक कार्ड उचलून दाखवत होते. टिल्लू ताठ उभा होता. पहिलं कार्ड पाहताच तो मोठ्याने म्हणाला, “ब.” काही कार्डांना तो लगेच बोले. काहींना मान तिरकी करून बघत राही, आणि शिक्षक ते कार्ड बाजूला ठेवत.

मोजपट्टीने दोरी घट्ट धरली होती. ती मोजत होती.

शिक्षकांनी शेवटचं कार्ड खाली ठेवलं आणि यादीत टिल्लूच्या नावापुढे लिहिलं: तीसपैकी सतरा, तयारी वर्ग.