गॅलरीतली शेगडी

कढईतल्या तेलातून धूर निघायला लागला, मी चिकनचा वाडगा उचलला, आणि नेमकी तेव्हाच शेगडी फुस्स करून विझली.

सिलेंडर संपला होता! रविवारची दुपार, पोटात कावळे कोकलून राहिलेले. ओट्यावर शिमला मिरची, गाजर, पत्ताकोबी, कांद्याची पात, सगळं चिरून तयार. चिकन सोया सॉसमध्ये मुरलेलं. मोबाईलवरची बाई हसत हसत सांगत होती, "पाच मिनिटांत घरच्या घरी चायनीज!" तिला मी आधी गप्प केलं. अमरावतीत येऊन मला जेमतेम महिना झाला होता, ओळखीचं कुणीच नव्हतं. पण भूक लागली की मला लाजबिज काही आठवत नाही. एका हातात कढई, दुसऱ्या हातात वाडगा घेऊन मी कोपरानेच समोरची बेल दाबली.

दार उघडलं. उंच, चष्मा, ओले केस आणि कपाळाला ताजं गंध.

"तुमची शेगडी देता का थोडा वेळ? माझा सिलेंडर संपला."

"हो, या ना…" तो बाजूला झाला, मग त्याने वाडग्यात डोकावलं. "पनीर आहे का?"

"चिकन."

तो एक पाऊल मागे सरला. गंध पाहूनच मला कळायला हवं होतं. "राहू द्या," मी म्हटलं, "बिस्किटं आहेत माझ्याकडे."

"थांबा… थांबा ना." त्याने मान खाजवली. "ओट्यावर नाही जमणार, आईला शब्द दिलाय. पण… गॅलरीत चालेल का?"

मला हसूच फुटलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही हो. आमच्या गावी, अचलपूरजवळ, बाबासुद्धा मटण अंगणातच शिजवतात. आईच्या गळ्यात माळ आहे. भांडी वेगळी, चूल वेगळी. ती त्या दिवशी अंगणाकडे फिरकतसुद्धा नाही."

"मग तुम्हाला घरच्यासारखंच वाटेल," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मला पुन्हा हसू आलं.

त्याने माळ्यावरून कॉलेजच्या दिवसांतली एका बर्नरची छोटी शेगडी काढली, गॅलरीत मांडली आणि स्वतः दाराच्या चौकटीत उभा राहिला. मी तेल तापवलं, चिकन टाकलं, भाज्या टाकल्या. मग जन्मभर बाबांना पाहत आले तसंच केलं. थोडं पाणी ओतलं आणि वर झाकण ठेवलं.

"अहो, झाकण काय ठेवता!"

"तुम्हाला काय माहीत चिकनचं?"

"चिकनचं नाही, चायनीजचं माहीत आहे. कॉलेजसमोरच्या गाडीवर व्हेज फ्राइड राइस खाता खाता इतकी वर्षं पाहतोय. आच मोठी, हात भरभर, पाणी नाही अन् झाकण तर नाहीच नाही."

मी रागाने झाकण उचललं. आत तळं साचलं होतं. पत्ताकोबी मान टाकून पडलेली, शिमला मिरचीचा रंग उडालेला.

"हा तर रस्सा झाला," तो म्हणाला. "भाकरी कुस्करायची का यात?"

"उद्या नीट करून दाखवते!"

"उद्या कॉलेज आहे." मग जरा थांबून, नजर गॅलरीबाहेर ठेवून, "पुढच्या रविवारी दाखवा ना." आणि त्याचे कान लाल झाले.

त्याचं नाव शुभंकर. मूळचा अकोल्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पूजा, हा मात्र इथे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. हे सगळं मला त्या रस्स्यावरच कळलं. तो रस्सा मी शेवटी पोळीशी खाल्ला, आणि खरं सांगू, बरा लागला.

मग रविवार म्हणजे गॅलरी, असं ठरूनच गेलं. तो भाज्या चिरायचा, बारीक आणि सगळ्या एकसारख्या. "सारखे तुकडे असले की सारखे शिजतात," असं शिकवायचा मला, जशी मी त्याच्या वर्गातली पोट्टीच. आधी त्याच्यासाठी नुसत्या भाज्या परतायच्या. मग माझ्या कढईत, मोठ्या आचेवर चिकन. ते बाजूला काढायचं, गाजर टाकायचं, मग कोबी, मग मिरची, चिकन परत आत, कडेने सॉस, वरून कांद्याची पात… झालं! थंडीचे दिवस होते. गॅलरीत ऊन यायचं आणि आम्ही आपापली ताटं मांडीवर घेऊन समोरासमोर बसायचो. तो माझ्या ताटाकडे पाहून कधी नाक मुरडायचा नाही, मला ते फार आवडायचं.

एकदा तो नंबर तपासायला दुकानात आला.

"माझ्याकडे नका पाहू," मी म्हटलं, "पाटीवरच्या अक्षरांकडे पाहा."

"अक्षरं दिसतात की मला."

"मग आलात कशाला?"

"ते तुम्ही तपासून सांगा."

आगाऊ कुठला! त्या दिवशी मी त्याचा नंबर दोनदा चुकवला.

संक्रांतीच्या आसपास मी गाडीवरून पडले आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तोवर आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो होतो. रविवारी मी म्हटलं, "राहू दे आज, तुझ्या भाज्याच खाते." त्याने ते ऐकलंच नाही. माझ्याकडून चिकन घेऊन गेला, गॅलरीत बसला, डोळे मिटून पहिला तुकडा उचलून कढईत टाकला, "अरे देवा" म्हणाला, आणि मग शेवटपर्यंत थांबला नाही.

मी डाव्या हाताने घास घेतला. कोबी करकरीत, चिकन मऊ आणि मीठ… मीठ अगदी जिथल्या तिथे.

"चाखून पाहिलंस?"

"नाही."

"मग मीठ कसं जमलं?"

"नैवेद्याचा स्वयंपाक कुठे चाखतात, निधी? लहानपणापासून आईच्या हाताखाली तेच करतोय. अंदाजाने घालायचं… आणि मनापासून."

"म्हणजे मी काय देव झाले?"

"नाही गं," तो हसला. "देवासाठी करताना माझे हात कधी कापले नाहीत. आज बघ." त्याने हात पुढे केला. खरंच कापत होता. मी तो धरला. प्लास्टरवाल्या हाताला धरता येत नव्हतं म्हणून डाव्या हाताने, चमचा खाली ठेवून, घट्ट धरला.

आम्हा वऱ्हाडी लोकांना आडून बोलणं जमत नाही. "मले तू आवडतोस," मी म्हटलं. "लग्न करतोस का?"

"हे मी विचारणार होतो!"

"मग विचार ना, काहून थांबला होतास?"

त्याने विचारलं. मी हो म्हटलं. खाली गल्लीत कुणीतरी भाजी विकत ओरडत होतं आणि मला वाटलं, हा माणूस मला मिळाला, आता काही नको.

पण बाबांना सांगायचं राहिलं होतं.

"बाबा, मले एक पोरगा आवडला," मी फोनवर म्हटलं.

"कोनाचा?"

"अकोल्याचा. पुजाऱ्याचं घर हाये."

बाबा आधी खाकरले. मग म्हणाले, "म्हंजे मटन खात नसन."

"नाई खात."

"मंग तू काय करशीन? सोडशीन, का लपून खाशीन?"

"बाबा, असं काही…"

"निधी, तुया शकुन आत्याले आमी असंच माळकऱ्याच्या घरी देलं. मानसं चांगली होती, पन माहेरी आली का अंगनात पाठमोरी बसून गपागपा खाये. कोनी पाह्यलं त काय म्हनन, म्हनून. मले ते पाह्यवत नोतं. मायी पोरगी तशी पाठमोरी बसनार नाई. मले घरदार नाई पाह्यचं, जातपात नाई पाह्यची. येवढं एकच पाह्यचं हाये."

आत्या मला आठवत होती. तिचं ते पदर तोंडावर धरून चावणं मीही पाहिलं होतं. त्यामुळे बाबांवर रागावतासुद्धा येईना. शुभंकर हवा होता आणि बाबांचा होकारसुद्धा हवा होता. बाबांना दुखवून केलेलं लग्न मला गोड लागलं नसतं.

"घेऊन ये बाबांना," शुभंकर म्हणाला. "जेवायलाच."

बाबा एसटीने आले, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. खुशालराव नाव, पण त्या दिवशी चेहऱ्यावर खुशालीचा पत्ता नव्हता. शुभंकर वाकून पाया पडला. बाबा थेट गॅलरीत खुर्ची घेऊन बसले.

"घरात नाई शिजवत?"

"नाही काका. आईला चालत नाही."

"चालाचं कसं? मायी बायकोबी मले अंगनातच बसवते." बाबांच्या मिशीत जरासं हसू आलं, पण लगेच गेलं. "तुमच्या मायले मालूम हाये का, का तिच्यापासून लपवून राहिले?"

मी श्वास रोखला. हे मलाही माहीत नव्हतं.

"मागच्या रविवारी अकोल्याला जाऊन सांगितलं," शुभंकर म्हणाला. "दिवसभर बोलली नाही माझ्याशी. निघताना म्हणाली, ओट्यावर नको, भांडी वेगळी ठेव. पण त्या पोरीला लपवायला लावू नकोस, चोरून खाल्लेलं मला जास्त लागेल."

त्याने मला हे सांगितलंच नव्हतं! अकोल्याहून येऊन तो नुसता "थकलो" म्हणाला होता. मला तिथेच त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण समोर बाबा होते.

शेगडी पेटली. कढई तापली. चिकन तेलात पडताच चर्र झालं आणि शुभंकरचा सराटा कढईत भरभर उलथापालथ करायला लागला. बाबा मान लांब करून पाहत होते.

"पानी नाई टाकत?"

"नाही काका."

"झाकन बी नाई?"

मी आणि शुभंकर एकमेकांकडे पाहून हसलो, आणि बाबांनी ते हसणं नीट पाहून ठेवलं. "कच्चं राह्यते असं," ते पुटपुटले, पण ताट हातात आल्यावर खाऊ लागले. एक घास. दुसरा. बाबा जेवताना बोलत नाहीत, त्यामुळे आवडलं की नाही काही कळेना. अर्धं ताट झालं तशी त्यांनी चमच्यात एक तुकडा घेतला आणि शुभंकरच्या तोंडासमोर धरला.

"मास्तर, एवढा एक घास घ्या. मंग पोरगी तुमची."

 मनात मी ओरडत होते, खाऊन टाक रे! एका घासाने काय होणार आहे! आपण तिघंच आहोत इथे, कुणाला सांगायचंय! शुभंकरने चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पार उतरला होता त्याचा.

"नाही काका," तो म्हणाला.

"एकच घास."

"एकही नाही." त्याचा आवाज चिरकला, पण तो थांबला नाही. "आज तुम्हाला खूश करायला मी हा घास खाल्ला, तर उद्या माझ्या आईला खूश करायला निधीने सोडावं, असं मला वाटायला लागेल. माझ्याने तिला तसं म्हणवणार नाही. ती माझ्यासमोर बसून खाईल, मी तिला रोज करून घालीन. पण मी खाणार नाही. आता… तुम्ही नाही म्हणालात, तर मला फार वाईट वाटेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेलं सगळं, असं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की हा माणूस मला याच्यासाठीच हवा आहे.

बाबांनी चमचा मागे घेतला. तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"मी तुमच्या जागी असतो ना," ते म्हणाले, "त मीबी असंच…" मग त्यांनी मान हलवली. "नाई. खोटं कायले बोलू? मी खाऊन घेतलं असतं. निधीच्या मायसाठी मी त काहीबी खाल्लं असतं!"

"बाबा!"

"थांब वं. अन् मंग पुढं जलमभर तिले ऐकवलं असतं." बाबांनी ताटातले उरलेले घास एकेक करून संपवले. "शकुनच्या नवऱ्यानं तिच्यासमोर बसून असं एकदा जरी म्हनलं असतं…" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "लय तिखट झालं बुवा."

तिखट मुळीच झालं नव्हतं. शुभंकर तसाच उभा, सराटा हातात, पुढे काय करायचं ते त्याला उमगेना. मलाही उमगेना. बाबांनी रिकामं ताट त्याच्यापुढे केलं.

"वाढा ना, जवाईबापू."

शुभंकर ढिम्म.

"अरे, वाढ ना त्यांना!" मी रडता रडता ओरडले, आणि तो इतका गडबडला की माझ्या वाटणीचंही सगळं बाबांच्याच ताटात ओतलं.