वरचं टोक

माझ्या हाताला गुण नाही, असं माझे सासरे मरेपर्यंत म्हणत आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सत्तावीस वर्षं ते बोनसाय करत होते आणि मी त्यांच्या समोर बसून कुंड्या घासत होते. शिकवलं काडीचंही नाही. पण मीही काही कमी नव्हते. हात कुंडीत, डोळे त्यांच्या चाकूवर.

डाळिंबाच्या मुळाचे बोटभर तुकडे वाळूत खोचले की कोंब फुटतो, तेच झाड पुन्हा उभं राहतं. फक्त बुंध्याकडचं टोक वर हवं. तुकडे सुटे झाले की सगळे सारखेच दिसतात, म्हणून एका टोकाला सपाट काप द्यायचा आणि दुसऱ्याला तिरका. तिरकं टोक वाळूत. डावखुऱ्या अण्णांचा चाकू त्यात कधी चुकला नाही.

अण्णा गेले आणि वर्षभरात अंगणातलं डाळिंबाचं जुनं झाड आतून कुजलं. करवतवाला ते पाडून गेला. मुळं उकरून मी कसेबसे बारा धड तुकडे कापले.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "अण्णांनाच जमायचं ते."

"का? माझ्या हाताला काय काटे आहेत?"

मी ते शेडमधल्या वाळूच्या ट्रेत खोचले, तिरकी टोकं खाली. त्या झाडाचे म्हणून आता हे बाराच उरले होते. ते मेले असते तर अण्णा खरे ठरले असते, आणि ते मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर बाराही तुकडे उलटे. तिरकी टोकं वर, ओल्या वाळूने माखलेली. भोवतालची वाळू नीट थोपटलेली होती. मांजर काही असं थोपटत नाही.

"तुम्ही हात लावलात?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," नवरा म्हणाला. ते खरंच होतं.

मी सगळे सुलटे केले. शेडला कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी कुलूप तसंच, तुकडे मात्र पुन्हा उलटे. आत लवंगेचा वास येत होता. अण्णांच्या तोंडात सतत लवंग असायची.

खोटं कशाला बोलू, मी दोन पावलं मागे सरले. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"अण्णा, जन्मभर मला उलट्या खोपडीची म्हणालात. आता झाडंही उलटी लावायची? चालायचं नाही!"

नऊ दिवस आमचं हेच चाललं. दहाव्या दिवशी मी ट्रेच्या मधोमध दोरी बांधली, एका बाजूचे सहा उलटेच ठेवले, दुसऱ्या बाजूचे सुलटे केले. "सहा तुमचे, सहा माझे. बघूच कोणाच्या हाताला गुण आहे ते."

त्यानंतर ट्रेला कोणी शिवलं नाही.

पाचव्या आठवड्यात अण्णांच्या सहाही तुकड्यांना लालसर कोंब आले. माझे सहा बोटाने दाबले तर मऊ लागले.

मी बसले, पहिल्यांदाच त्यांच्या स्टुलावर. समोर माझी कुंड्या घासायची जागा दिसत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अण्णा मुळाचं बुंध्याकडचं टोक छातीशी धरायचे आणि तिथे सपाट काप द्यायचे. पलीकडून मला जवळचं टोक दिसायचं ते तिरकं. तेच माझ्या हातात बसलं: बुंध्याकडचं टोक छातीशी, पण जवळचा काप तिरका. सगळे तुकडे मी उलटेच कापले होते, उलटेच लावले होते.

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "ही कोंब आलेली सहाही माझीच आहेत. कापली मी, पाणी घातलं मी. यापुढे नीट कापीन. तुम्ही हात लावायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुजलेले सहा तुकडे ट्रेमधून गेले होते. त्यांच्या जागी वाळू थोपटलेली होती.

मी नळाशी गेले.

माझ्या डाव्या हाताच्या नखांत ओली वाळू होती.

किल्ली उशाखालीच असायची. माझ्याच.

मी सगळं उजव्या हाताने करते. डाव्या हाताने मला साधं बटणही लावता येत नाही.

"हात माझा आहे, अण्णा," मी म्हटलं. घासघासून नखं धुतली, अण्णांच्या एका कुंडीतल्या डाळिंबाचं मूळ घेऊन टेबलाशी बसले आणि चाकू घ्यायला उजवा हात पुढे केला.

चाकू टेबलावर नव्हता. तो डाव्या हातात होता, आणि पकड अगदी बरोबर होती.