रोधक

समुद्राखाली दोनशे मीटर खोल असलेल्या त्या प्रयोगशाळेत डॉक्टर इरावती सोमण यांनी स्वतःच्या रक्ताचा थेंब यंत्रात घातला. रक्तातल्या विषाणूंचा गेले वीस दिवस येत होता तोच आकडा पुन्हा उमटला. बारा.

"माझा नऊ," शेजारच्या यंत्रापाशी उभी असलेली फरीदा मुजावर म्हणाली. ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. "कालही नऊच होता. ताई, हा आकडा हलतच नाहीये."

तळाच्या गाळाच्या नमुन्याची नळी फुटली आणि त्यातला अनोळखी विषाणू हवेत पसरला, त्याला आता चाळीस दिवस झाले होते. त्याच तासाला किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षाने वर नेणारा उद्वाहक बंद केला. अट साधी होती. ज्याच्या तीन चाचण्या लागोपाठ शून्य येतील, त्याने वर यावं. बाकीच्यांनी खालीच राहायचं.

खाली तिघं होती. तिसरे होते यंत्रांची देखभाल करणारे हरबा तांडेल. औषधाच्या पेटीत विषाणुरोधक गोळ्या भरपूर होत्या. इरावतीबाईंनी आणि फरीदाने तासाभरात पहिली गोळी घेतली. तांडेलांची मूत्रपिंडं मात्र आधीच अधू होती, त्यांना ती गोळी सोसली नसती. इरावतीबाईंनी त्यांना तसं सांगितलं.

"डॉक्टरबाई, तुम्ही दोघी विषाणू मारणार आणि मी नुसता बघत बसू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मारत नाही हो ती गोळी," त्या म्हणाल्या. "नाव नीट वाचा. रोधक आहे, नाशक नाही. विषाणूला स्वतःची पिल्लं स्वतः घालता येत नाहीत. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याचकडून स्वतःच्या नकला काढून घेतो. गोळी ते नकलांचं काम अडवते, एवढंच. विषाणूचा निकाल लावायचा तो आपल्या शरीरालाच."

पाचव्या दिवशी तांडेलांना ताप भरला. दहा दिवस दोघींनी त्यांच्या उशाशी आळीपाळीने बसून काढले. सलाईन लावली, अंग पुसलं, त्यांच्या बडबडीतली बायकोची हाक ऐकली. एकदा तर श्वास इतका मंदावला की फरीदा भिंतीकडे तोंड करून रडली. पण अकराव्या दिवशी म्हाताऱ्याने पेज मागितली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या तिन्ही चाचण्या शून्य आल्या आणि उद्वाहक त्यांना घेऊन वर गेला.

ज्यांना साधी शिंकही आली नव्हती, त्या दोघी मात्र खालीच होत्या.

भिंती तेव्हापासून जवळ आल्यासारख्या वाटू लागल्या. पंपाची घरघर झोपेतही ऐकू यायची. फरीदा एकाच खोलीत पावलं मोजत फिरायची. जेवताना दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायच्या.

"तांडेलकाका गोळीविना शून्यावर आले," आज फरीदा म्हणाली, "आणि आपण चाळीस दिवस गोळी घेऊनही इथेच. हे उलटं कसं?"

इरावतीबाईंनी तांडेलांच्या रक्ताचे जुने अहवाल समोर घेतले. विषाणूशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा रकाना भरगच्च होता. मग त्यांनी स्वतःचा अहवाल काढला. तो रकाना कोरा होता.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "फरीदा, आपण गोळी फार लवकर घेतली गं. विषाणू वाढलाच नाही. वाढला नाही म्हणून शरीराला शत्रू दिसला नाही, आणि दिसलाच नाही तर ते लढणार कोणाशी? पेशींत तो गपचूप बसून आहे. आपण गोळी घेतोय तोवर तो वाढणार नाही. मरणारही नाही."

"म्हणजे जन्मभर..."

"जन्मभर बारा आणि नऊ."

फरीदाने गोळ्यांची पेटी पुढे ओढली. मग तिने हळूच विचारलं, "गोळी थांबवली तर?"

"तर ताप येईल. काकांना आला तसा. कदाचित आपण त्यातून उठूही नाही."

दोघींनी एकदम आजारी पडून चालणार नव्हतं, एकीला दुसरीची शुश्रूषा करावी लागणार होती. "आधी मी," फरीदा म्हणाली. "तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही धड राहायला हव्यात."

"मी बावन्न वर्षांची आहे, तू एकतीसची. माझं काय होतं ते आधी बघ, लिहून ठेव. मग तुझ्या वेळी काय करायचं ते तुला कळेल."

त्या दुपारी इरावतीबाईंनी गोळी घेतली नाही. चौथ्या संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. फरीदाने कपाळाला हात लावला आणि दचकून मागे घेतला. "तापलंय अंग!"

"तापू दे," दात वाजत असतानाही इरावतीबाई म्हणाल्या. "चाळीस दिवसांनी जाग आली शरीराला."

पुढचे सहा दिवस त्यांना नीटसे आठवत नाहीत. सातव्या सकाळी डोळे उघडले तेव्हा फरीदा खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, वही मांडीवर, दर तासाची नोंद केलेली. आठवडाभराने त्यांचाही आकडा शून्यावर आला. एकदा, दोनदा, तीनदा.

उद्वाहक खाली आला. वरून नियंत्रण कक्षातला अधिकारी ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "अभिनंदन, डॉक्टर. दार उघडतोय. आत या."

"वीसेक दिवसांनी पाठवा," त्या म्हणाल्या. "आज सकाळी फरीदाने गोळी थांबवली आहे."

आणि त्यांनी सलाईनच्या बाटल्या काढायला कपाट उघडलं.