डबल बेल

आधीच सांगते, ही गोष्ट मी कुठं वाचलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलेली आहे. ज्याला पटायची त्याला पटेल, बाकीच्यांवर जबरदस्ती नाही.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे भूतबित मानत नाहीत. लहानपणी कोणी चकव्याची गोष्ट काढली तरी आमचे बाबा पेपर बाजूला ठेवून रागवायचे. म्हणून मायानं मला हे सांगायला घेतलं तेव्हा तीच आधी म्हणाली, "प्रणाली, हसायचं असन त आत्ताच हसून घे."

मी हसले नाही.

दोन हजार चोवीस सालचा मे महिना. अमरावती, कठोरा रोडच्या बाजूचं तीन खोल्यांचं घर. आणि रात्रबित्र काही नव्हती, भर दुपारचे तीन वाजले होते. आमच्या वऱ्हाडात मेच्या दुपारी तीन वाजता रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

माया माझी मावसबहीण. तिवस्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. आई कोरोनात गेली, भाऊ अनुप पुण्याला नोकरीला. घरात ती आणि तिचे वडील, श्रावणकाका.

काका एसटीत ड्रायव्हर होते. परतवाडा डेपो. अठ्ठावीस वर्षं मेळघाटाच्या घाटात परतवाडा-धारणी गाडी चालवली, आणि एकदाही कुठं ठोकली नाही. याची ऐट त्यांना इतकी, की पाहुणा चहा संपवेपर्यंत सुटायचा नाही. माया लहान असताना दोघांचा एक खेळ होता. ही स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवायची. एक टिंग, की काका जागच्या जागी उभे. टिंग टिंग, की काका चालू. एकदा पोरगी एक बेल देऊन शेजारी खेळायला पळाली. मावशी सांगायची, हा माणूस अर्धा तास अंगणात तसाच उभा होता. "बेल नाही त गाडी नाही," म्हणे.

फेब्रुवारीत काकांचे डोळे पिवळे झाले. अकोल्याला मीच डॉक्टरकडे घेऊन गेले होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पार यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, दुखू देऊ नका, आता एवढंच आपल्या हातात आहे.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या पुढं अनुपचा फोन आला आणि त्यानं ठरवून टाकलं. बाबांना सांगायचं नाही. धसका घेतील.

आम्हीही माना हलवल्या. आपल्याकडं असंच करतात, त्यात काही विचारायचं असतं असं कोणाला वाटतच नाही. डोळे पिवळे होतेच, तेव्हा कावीळ झाली असं सांगितलं. रिपोर्टची फाइल मायानं तांदळाच्या कोठीत खुपसली.

मग सुरू झालं. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी. मोबाईलमध्ये अलार्म लावलेले. पेज भरवायची, अंग पुसायचं, चादर बदलायची, कूस वळवायची. डॉक्टरशी बोलायचं असलं की मागच्या अंगणात जायचं, दार लोटून घ्यायचं, हळू बोलायचं. माया म्हणते, त्या तीन महिन्यांत तिला ना रडू आलं, ना भीती वाटली. अलार्म वाजला की उठायचं, एवढंच. आरशात पाहिलं तरी दुसरीच कोणी उभी आहे असं वाटायचं.

भाड्यानं वॉकर आणला होता. चार पायांचा, खालची रबरं झिजलेली. टाइल्सवर तो टक वाजायचा.

आणि काका विचारायचे, "काहून वं माय, मी कधी चालीन?"

"रोज चाललं की कावीळ उतरते बाबा," ही सांगायची. "रोज एक पाऊल जास्त. आखाडीपर्यंत तुमी फाटकाच्या बाहेर."

साफ खोटं. पण काकांनी ते धरून ठेवलं. दुपारी तीनची फेरी ठरली. माया ग्लासावर डबल बेल द्यायची. टक... चपलेची घसट... टक... ठरलेली पावलं झाली की एक बेल. काका थांबायचे, ही त्यांना धरून पलंगावर आणायची. मेच्या सुरुवातीला पाच झाली. नऊ तारखेला अकरा करायची होती.

नऊ मे, गुरुवार. तीन वाजता मायानं डबल बेल दिली. काका निघाले.

चार पावलं झाली नसतील, तोच फोन वाजला. अनुप होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला होता. काकांना ऐकू जाऊ नये म्हणून ही सवयीनं मागच्या अंगणात गेली, सवयीनं दार लोटलं. अनुप म्हणाला, आठवडा. फार तर दहा दिवस. मग तो पलीकडं रडायला लागला आणि ही उन्हात उभी राहून त्याला समजावत बसली.

आत आली तर काका खोलीच्या मधोमध उभे होते. पाय लटलट कापत होते, बनियन घामानं चिंब. पलंगापासून चौदा पावलं.

"थांबायचं न बाबा," ती म्हणाली.

"बेल नाही आली न माय."

एवढंच बोलले. त्याच संध्याकाळी साडेसहाला गेले.

डॉक्टर म्हणाले, चालण्यानं काही झालं नाही, वेळच आली होती. सगळे तेच म्हणाले, मीही म्हणाले. माया कोणाशी वाद घालत नव्हती. नुसती बघत होती. रविवारी जलदानाचा विधी झाला. भंतेजी आले, वंदना झाली, लोक जेवून गेले. त्याआधीच अनुपनं वॉकर दुकानात परत नेऊन दिला होता. पलंग उचलला, गादी देऊन टाकली. रविवारी तोही पुण्याला गेला, मीही अकोल्याला आले.

सोमवार, तेरा मे.

माया किचनमध्ये खाली बसून गहू निवडत होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री. कुलर घरघरत होता. गोळ्यांचे अलार्म तिनं अजून बंद केले नव्हते. दोनचा वाजला होता, तिनं उठून पाणी घेतलं होतं, मग आठवलं होतं. तीन वाजले आणि लाइन गेली. कुलर थांबला. त्याच्या जाळीतून पाणी टपकत राहिलं, मग तेही थांबलं. घरात एकदम सामसूम.

टक...

तिला वाटलं, शेजारी कोणी काही ठोकत असेल.

चपलेची घसट... टक...

ती उठली नाही. गव्हातला खडा काढून बाजूला ठेवला आणि मोजत राहिली. शिक्षिका बाई, दुसरं काय करणार! पंधरा. पंधरानंतर आवाज थांबला. लाइन आली, कुलर सुरू झाला. तिनं जाऊन पाहिलं. खोली रिकामी. पलंगाच्या जागी फरशीवर नुसता पांढरट चौकोन.

मंगळवारी... सोळा.

भीती वाटली का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, भीती वाटायला माणूस जागेवर लागतो, मी जागेवर नव्हतीच. पण एक हिशोब मात्र तिच्या डोक्यात पक्का बसला होता. पलंगाच्या जागेपासून किचनच्या दारापर्यंत वीस पावलं होती. आणि रोज एक पाऊल वाढत होतं.

बुधवारी तीनच्या सुमारास अनुपचा फोन चालू होता. पेन्शनच्या कागदांचं काही विचारत होता. बोलता बोलता मधेच थांबला.

"तायी..."

"हं."

"तो वॉकर मी वापस देल्ला होता न?"

"देल्ला होता."

मग त्यानं फोन ठेवून दिला. त्यानंतर दुपारच्या वेळी त्यानं कधी फोन केला नाही. आजही करत नाही. मी विचारलं तर विषय बदलतो.

गुरुवारी अठरा. शुक्रवारी एकोणीस... एकोणिसावा टक इतका जवळ वाजला, की तिच्या समोरचं गव्हाचं ताट थरथरलं.

आता कोणीही म्हणेल, बाई, कुलूप घाल न, निघून जा. माझ्याकडं अकोल्याला यायला किती वेळ लागतो? पण तिला एकच दिसत होतं. आपण डबल बेल दिली आणि एक बेल द्यायची राहिली. बाप मेला तरी चालून राहिला. त्याला वाटते कावीळ उतरून राहिली, आखाडीपर्यंत फाटकाच्या बाहेर जायचं आहे. तो मेला हे त्याला सांगणार कोण? मरणार आहे हेच आपण कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

शनिवार, अठरा मे. दुपारी पावणेतीनला तिनं तांदळाच्या कोठीतून फाइल काढली, झटकली, मांडीवर घेतली. जवळ स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवला. किचनच्या दाराकडं तोंड करून बसली.

तीन वाजले. लाइन गेली.

टक...

"बाबा," ती म्हणाली, "कावीळ नव्हती."

टक... टक...

तिनं फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली. पेशंटचं नाव, वय, तारीख. मग कॅन्सर हा शब्द. तीन महिन्यांत तो शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. तिनं सगळं सांगितलं. अनुपचं, माझं, स्वतःचं. मी खोटं बोलली बाबा, तुमी बरे होणार नव्हते. नऊ तारखेला तुमी गेले. संध्याकाळी साडेसहाला. माझ्या हातावर गेले.

पावलं थांबली नाहीत. जरा हळूही झाली नाहीत.

काका नेहमी म्हणायचे, गाडी चालू असताना ड्रायव्हर कोणाचं ऐकत नसतो, पाटीवरच लिहिलेलं असते. ड्रायव्हरला फक्त बेल कळते.

सोळा... सतरा... अठरा...

तिनं ग्लास उचलला. तीच म्हणते, हाताला काही कळतच नव्हतं.

एकोणीस...

वीस. दारात.

तिनं चमचा मारला. एकदा.

टिंग...

आवाज थांबला.

समोर दार उघडं होतं. दारात कोणी नव्हतं. फक्त थकलेला माणूस वॉकरवर भार टाकून सोडतो, तसा एक लांब श्वास... आणि मग काही नाही. ती बसून राहिली. लाइन आली, कुलर चालू झाला, सहाचा अलार्म झाला. तिनं ते सगळे अलार्म एकेक करून बंद केले. आणि तेव्हा, बाप गेल्यावर नवव्या दिवशी, तिला रडू आलं. शेजारच्या बाई धावत आल्या इतकं.

रविवारी दुपारी तीन वाजता आवाज आला नाही. सोमवारीही नाही.

मला वाटलं गोष्ट इथं संपली. तुम्हालाही वाटलं असेल.

मी तिच्याकडं गेले ती आखाडीनंतर, जुलैत. चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं. तिनं चहा टाकला. पण मी पाहत होते, किचनमधून बाहेर येताना ही बाई सरळ येत नव्हती. दाराच्या डाव्या कडेला अंग चोरून, भिंतीला घासत बाहेर यायची. पाण्याचा जग घेऊन तशीच आत. दार चांगलं रुंद आहे. उजवीकडं काहीसुद्धा नाही.

तिनं चहा ग्लासात दिला. मी साखर ढवळली. चमचा ग्लासाला लागला, टिंग... आणि तिनं माझं मनगट पकडलं. असं पकडलं की चहा माझ्या हातावर सांडला.

"दुसरी नको वाजवू."

मग तिनं हे सगळं सांगितलं. पहिल्यापासून. संपल्यावर मी म्हटलं, आवाज तर बंद झाला, मग आता काय?

"एक बेल म्हणजे थांबा," ती म्हणाली. "गाडी उभी राहते. जात नाही."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी दाराकडं पाहिलं. उजव्या बाजूला फरशीवर ऊन पडलं होतं. बाकी काही नव्हतं, खरंच सांगते.

"मंग दे न डबल बेल," मी म्हटलं. माझाच आवाज मला वेगळा वाटला. "दोन महिने झाले, माया. त्यांचे पाय दुखत असतील."

तिनं माझ्या ग्लासातला चमचा काढून घेतला.

"देल्ली त जातीन न ते," ती म्हणाली.



निघताना मी ग्लास धुवायला किचनमध्ये गेले. मी, नोकरी करणारी, शिकलेली बाई. दारापाशी आले आणि अंग चोरून, डाव्या भिंतीला घासत आत गेले. बाहेर येतानाही तशीच आले. आणि येताना, माझं मलाच कळलं नाही, मी हळूच म्हटलं, "येते काकाजी."

अमरावतीहून अकोल्याची एसटी पकडली. बडनेऱ्याला कंडक्टरनं एक बेल दिली. गाडी थांबली. दोघं उतरले, चौघं चढले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता, मागं न बघता, कान देऊन. कंडक्टर कोणाशी तरी सुट्ट्यावरून भांडत होता. बेल द्यायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

मला राहवलं नाही. मी उठले, दोरी धरली आणि दोनदा ओढली. अख्खी गाडी माझ्याकडं बघायला लागली, कंडक्टर खेकसला. मी खाली बसले.

गाडी निघाली.

कठोरा रोडच्या त्या घरात मात्र, मी हे सांगत असताना, अजून कोणी डबल बेल दिलेली नाही.