सातवा आरसा

बंद पडलेल्या कचरा डेपोवर माती टाकली, गवत लावलं, झोपाळे टांगले, एक लाल घसरगुंडी उभी केली आणि त्याला बाग म्हणायचं ठरलं. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. त्याआधी जमिनीतून मिथेन, म्हणजे कुजक्या कचऱ्यातला पेट घेणारा वायू, येतो का, ते मोजून नकाशा द्यायचा, एवढंच मावशीचं काम. कार्यालयातले साहेबसुद्धा तिला मावशीच म्हणत. कुंपणापलीकडच्या पहिल्याच घरात तिची थोरली बहीण राहायची, आणि बहिणीची पोरगी सकाळपासून कुंपणाला लटकून "मावशी, झालं का?" असं विचारून सगळ्यांचं डोकं खात होती. उद्या घसरगुंडीवर पहिला नंबर आपला, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

काम तसं सरळ होतं. मैदानाच्या मध्यावर तीन पायांच्या स्टँडवर यंत्र, कडेने सहा खांब, प्रत्येक खांबावर एक आरसा. यंत्र हळूहळू गोल फिरतं, डोळ्यांना न दिसणारी लेझरची रेघ सोडतं आणि आरसा सापडला की थांबून टिंग करतं. आरशावरून उजेड परत येतो. वाटेत मिथेन असेल तर तो तेवढा कमी भरतो. समोर आरसाच नसेल तर गेलेला उजेड गेलाच.

सकाळच्या फेरीत यंत्राने सात वेळा टिंग केलं.

ड्रायव्हरकाका गाडीला टेकून पेपर वाचत होते. ते म्हणाले, आधी कुणी मोजणीला आलं असेल आणि विसरलं असेल एखादा आरसा, त्यात काय एवढं. सातवी रेघ घसरगुंडीच्या पायथ्याकडे जात होती. मावशीने काकांच्या हातात पुठ्ठा दिला आणि तो आडवा धरून यंत्रापासून त्या रेघेवरून चालायला सांगितलं. पुठ्ठा आड आहे तोवर उजेड परत येत नव्हता. काका घसरगुंडीपाशी पोचले, आणखी एक पाऊल पुढे गेले आणि उजेड परत यायला लागला. म्हणजे आरसा काकांच्या अलीकडे होता. काकांनी मागे वळून बघितलं. तिथे नुसतं गवत होतं.

"इथे काहीच नाही, मावशी..."

यंत्राच्या पडद्यावर ती रेघ किंचित थरथरत होती. खांबावरच्या आरशाची रेघ अशी थरथरत नाही, हातात धरलेल्या आरशाची थरथरते. मावशीला हे माहीत होतं, कारण तिला काम शिकवणारे मास्तर, जिथे खांब रोवता येत नसे तिथे, आरसा छातीशी धरून स्वतः उभे राहायचे. वय झालेलं, हात कापायचे, पण दुसऱ्याला आरसा धरू देतील तर शपथ. दुसऱ्या एका डेपोवर ते तपासणीच्या खड्ड्यात उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. सकाळी मोजलं तेव्हा तिथला आकडा शून्य होता. दुपारी परत मोजायचा त्यांनी कंटाळा केला, सगळ्या नोकरीत तेवढा एकदाच.

भुताखेतांसाठी मावशीला सवड नव्हती. सातव्या रेघेवर मिथेन शून्य होता. मग तिचं करायचं काय? तिने ती नकाशातून पुसून टाकली आणि जागा स्वच्छ आहे असं साहेबांना फोनवर कळवलं. साहेब खूश झाले, पोरगी तर नाचायलाच लागली. मावशीला तेवढं बरं वाटलं नाही. मास्तरांच्या आठवणीने रडू आलं असतं तर चाललं असतं, पण तिला नुसती भीती वाटत होती.

दुपारी आभाळ भरून आलं. हवेचा दाब उतरला की जमिनीत कोंडलेला वायू वर येतो, जमिनीखालून आजूबाजूलाही पसरतो, हे या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात. आरसे उतरवण्याआधी तिने आणखी एक फेरी लावली. सहाही रेघा होत्या तशाच. सातव्या रेघेवरचा आकडा मात्र चढायला लागला आणि चढतच गेला, यंत्राचा लाल दिवा लागेपर्यंत. काकांनी घसरगुंडीच्या पायथ्याचं गवत बाजूला केलं. खाली मातीला बोटभर रुंद भेग पडलेली होती आणि तिच्यातून कुजका वास येत होता.

उद्घाटन रद्द झालं. साहेबांनी आधी झाप झाप झापलं, मग आभार मानले. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. मावशीला मात्र हायसं वाटलं. गवताकडे बघून ती हळूच म्हणाली, "मास्तर, उपकार झाले." काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी कुंपणाची कड तेवढी मोजायची राहिली होती. यंत्र बहिणीच्या अंगणात मांडलं, कुंपणावर दोन आरसे लावले, बाकीचे पेटीत ठेवले. पोरगी रडून रडून आतल्या खोलीत झोपली होती. ताई म्हणाली, आता पुरे तुझं ते मोजणं, चहा टाकते. आणि ती स्वयंपाकघरात गेली.

यंत्राने कुंपणाकडे दोनदा टिंग केलं. मग ते फिरत फिरत घराकडे वळलं आणि उघड्या खिडकीसमोर थांबलं.

टिंग.

खिडकीतून पलंग दिसत होता. पलंगावर भिंतीकडे तोंड करून भाची झोपली होती. तिच्या उशाशी कुणी नव्हतं. पडद्यावरची रेघ थरथरत होती. मिथेन शून्य.

सकाळीही शून्यच होता.

"ताई..." मावशीने हाक मारली. ती घरात शिरली. "ताई, गॅस पेटवू नकोस."

ताई हातातला लायटर तसाच धरून स्वयंपाकघराच्या दारात आली. तोवर मावशीने पोरीला उचललं होतं.

"काय झालं गं?"

"ठेव तो. बाहेर चल. दिवासुद्धा लावू नकोस."

सांगितलं आणि ऐकलं, असा ताईचा स्वभाव नव्हता, पण बहिणीचं तोंड बघून ती मुकाट्याने निघाली. रस्त्यावर गाडीपाशी काका उभे होते. पोरगी मावशीच्या खांद्यावर झोपेत कुरकुरली. घर शांत होतं. ताई म्हणाली, अगं, आत तर सगळं नेहमीसारखंच आहे, वाससुद्धा नाही कसला. वास नव्हता, हे खरं होतं. आपण उगाच घाबरलो की काय, असं मावशीलाही वाटून गेलं.

अंगणात यंत्र चालूच राहिलं होतं. फिरत फिरत ते पुन्हा खिडकीपाशी आलं, पण या वेळी थांबलं नाही. तसंच पुढे गेलं आणि शेजारच्या घराच्या खिडकीसमोर थांबलं. टिंग. त्या घरात भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी स्वयंपाकाला लागत होतं.

मावशीने पोरगी ताईच्या हातात दिली आणि ती शेजारच्या दाराकडे धावली. कडी वाजवताना तिला मागून पुन्हा आवाज आला. यंत्र त्याच्या पुढच्या घराकडे वळलं होतं.