कोबीच्या मळ्यातलं खोटं कूळ

"चोरायचाच असेल तर अख्खा गड्डा न्या की... अळ्या काय नेताय?"

रेहुलिना दचकली. हातातली डबी निसटली आणि मोजून ठेवलेल्या एकोणचाळीस हिरव्या अळ्या कोबीच्या पानांवर सांडल्या. धुकं इतकं दाट होतं की बोलणारा आधी दिसलाच नाही. दिसले ते चिखलाने माखलेले गमबूट, मग पाठीवरचा फवारणीचा पंप आणि सगळ्यात शेवटी हसू.

"मी चोर नाहीये," ती फणकारली. "मेदानच्या विद्यापीठातून आलेय. तुमच्या अळ्या औषधाने मरत का नाहीत, ते शोधतेय."

"अरे वा! माझ्या अळ्यांची कीर्ती मेदानपर्यंत पोचली तर!" पंप खाली ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक अळी हलक्या बोटांनी वेचून डबीत टाकू लागला. "एक... दोन... आणि कूळ कोणतं तुमचं?"

आलाच तो प्रश्न! सिनाबुंग या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याला माणसाचं कूळ आधी विचारतात, नाव मागाहून. मग कोण कुणाचं काय लागतं, ते उभ्याउभ्याच ठरतं. गेल्या सहा गावांत रेहुलिनाने 'तारिगान' म्हणायचा अवकाश, की कुणीतरी बाई हातातलं काम टाकून पुढे व्हायचीच. "अगं, माझंही माहेर तारिगान! म्हणजे तू माझ्या लेकाच्या मामाची मुलगी. आता दुसरीकडे बघायचंच नाही!" अळ्या राहायच्या बाजूला आणि हिच्यापुढे मुलांचे फोटो यायचे.

समोरच्या निळ्या पिंपावर पांढऱ्या रंगात 'गिन्तिंग' असं लिहिलेलं होतं.

"गिन्तिंग," ती म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

त्याचा हात पानावरच थांबला. "मीही गिन्तिंग. बास्तान्ता गिन्तिंग." मग जरा खालच्या आवाजात, "म्हणजे... तुरांग. एकाच कुळातले. बहीणच झालीस की माझी."

"झाले ना!" ती खुशीत म्हणाली. सुटले एकदाची!

महिनाभरात त्याच सुटकेने तिचा जीव मेटाकुटीला आणला.

दर गुरुवारी ती स्कूटरवरून घाट चढून यायची. बास्तान्ता बांधावर उभाच असायचा. त्याची आई, जिला तो नान्दे, म्हणजे आई, म्हणायचा आणि आता तीही म्हणू लागली होती, मक्याचं पीठ लावलेला कोंबडीचा रस्सा वाढायची आणि ताट पुसून खाल्ल्याशिवाय उठू द्यायची नाही.

"तर ऐक," एका गुरुवारी चुलीपाशी बसून रेहुलिना सांगू लागली. "अळीच्या स्नायूत एक जागा असते. औषध तिथे चिकटतं आणि अळी आखडून मरते. ती जागा कशी घडवायची, हे अळीच्या जनुकात लिहिलेलं असतं. तुझ्या अळ्यांच्या लिखाणात एक अक्षर बदललंय. एकच! पण औषधाला आता चिकटताच येत नाही."

"आणि मी बापडा दुप्पट मात्रा मारतोय."

"तेच तर चुकतंय. हे अक्षर आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच अळी वाचते. एकाकडून साधं आलं, की मरते. तू फवारून साध्या अक्षराचे पतंग संपवतोस. मग उरलेल्यांची लग्नं आपापसांतच होतात, आणि पोरंही तशीच चिवट निपजतात. उतारावरच्या मळ्याचे वरचे तीन टप्पे अजिबात फवारू नकोस. खाली मोजून, लागेल तेव्हाच, तेही दुसरं औषध. वर साधे पतंग जगतील आणि खालच्यांशी जोड्या जमवतील."

बास्तान्ता खो खो हसला. "म्हणजे अळीलासुद्धा परक्या कुळातलं स्थळ लागतं!"

हसता हसता त्याची नजर तिच्याकडे वळली... आणि दोघंही एकदम चुलीकडे बघू लागले. चुलीतलं लाकूड तडतडत राहिलं.

"तीन टप्पे गेले तर यंदा छपराचे पत्रे बदलता येणार नाहीत," नान्दे काळजीने म्हणाली. डोंगराच्या राखेने पत्र्यांची पार चाळण झाली होती.

"बहिणीचा शब्द कसा मोडू?" तो म्हणाला. पण 'बहिणीचा' म्हणताना त्याने मान फिरवली, हे रेहुलिनाने पाहिलं.

शेजाऱ्यांनी यथेच्छ टिंगल केली. वरच्या टप्प्यांवरच्या पानांची जाळी झाली. बास्तान्ता रोज पहाटे पानं उलटून अळ्या मोजायचा आणि आकडे तिला फोनवर कळवायचा. आकडे संपले तरी फोन चालूच असायचा. नान्देने तर कहरच केला. "तू आता घरचीच," तिने रेहुलिनाला गळ घातली, "याच्यासाठी एखादी मुलगी बघ ना. माझ्या माहेरच्या कुळातली मिळाली तर सोनंच. तारिगान." रेहुलिनाने घाईने आणखी रस्सा वाढून घेतला.

खरं सांगायचं कसं? आणि सांगितल्यावर... हा माणूस तोंड तरी बघेल का? त्याने तिच्या शब्दावर मळा सोपवला होता. त्याच तोंडाने ती पहिल्या भेटीतच खोटं बोलली होती.

तीन महिन्यांनी, काढणीच्या दिवशी, ती जवळजवळ पळतच बांधावर आली.

"बास्तान्ता! पहिल्यांदा शंभरातल्या अकराच अळ्या त्या औषधाने मेल्या होत्या. आता चौसष्ट मरतायत! साधं अक्षर परत येतंय!"

खाली गड्डे घट्ट, भरलेले होते. वरच्या टप्प्यांवरचेही निम्मे विकण्याजोगे निघाले होते. ट्रक रस्त्यावर उभा होता. पण बास्तान्ता हसला नाही. तो कोयत्याच्या पात्यावरचा चिखल पुसत राहिला.

"छान झालं," तो म्हणाला. "आता... पुढच्या गुरुवारपासून येऊ नकोस."

"का?"

"तुरांग म्हणवत नाही मला. जीभ अडते." त्याने पातं पुन्हा पुसलं. "भावाने बहिणीची अशी वाट बघू नये, रेहुलिना. लाज वाटते मला माझी."

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्याच क्षणी हसूही फुटलं. काय करावं तिला कळेना.

"लाज मला वाटायला हवी," ती कशीबशी म्हणाली. "मी गिन्तिंग नाहीये. त्या पिंपावर वाचलं आणि ठोकून दिलं... सारखी स्थळं येत होती म्हणून. मी तारिगान आहे."

बास्तान्ताने आधी पिंपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तीन महिने," तो सावकाश म्हणाला. "तीन महिने मी चर्चमध्ये गुडघे टेकून माफी मागतोय. पापी म्हणून!"

"चिडलास?"

"भयंकर!" आणि तो असा गरजला की खालच्या मळ्यातले लोक वळून बघू लागले. "नान्दे! ए नान्दे! ही तारिगान आहे!"

नान्दे हातातली टोपली टाकून धावत आली. सगळं ऐकून तिने रेहुलिनाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि लगेच तिला उराशी कवटाळलं.

"लबाड कुठली! माझ्या माहेरची लेक, आणि मला नान्दे म्हणत होतीस? आत्या म्हण, आत्या!"

"आत्या..." रेहुलिना पुटपुटली.

"आणि तू रे? विचार ना तिला काय विचारायचंय ते!"

बास्तान्ताने कोयता खाली ठेवला. मघाशी एवढा गरजलेला माणूस आता ओठांवर शब्द जुळवत होता. "येशील...? म्हणजे फक्त गुरुवारी नाही. रोज."

"प्रबंध पुरा होऊ दे," ती म्हणाली. "मग रोज. मग कायमची."

रस्त्यावरून ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. बास्तान्ता ट्रकवर चढला, रेहुलिना खाली उभी राहिली. ती एकेक गड्डा वर द्यायची, तो झेलायचा. प्रत्येक गड्डा दोघांच्या हातांत जरा जास्तच रेंगाळत होता...

"अहो, अशाने बाजार उठेल तिकडे!" ट्रकवाला ओरडला.

कुणी ऐकतच नव्हतं.